दुसरी बाजू तशीच

गणित विभागात तिला सगळे शंकाबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे शंकाबाई. हे तिला माहीत होतं आणि तिची हरकतही नव्हती, कारण नाव काही चुकीचं नव्हतं. व्याख्यान कुणाचंही असो, पाहुणा कितीही मोठा असो, मध्येच कधीतरी खिडकीजवळच्या बाकावरून एक हात वर जायचा आणि शांत आवाजात यायचं, "एक शंका आहे." मग पाहुण्याचा चेहरा उतरायचा, विभागप्रमुख घड्याळाकडे बघायचे आणि चहाची किटली घेऊन आलेला शिपाई दारातूनच मागे फिरायचा. आता अर्धा तास तरी चहा होत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

ही खोड लहानपणापासूनची. समांतर रेषा कधीच भेटत नाहीत असं शाळेत शिकवलं, तर हिने विचारलं की शेवटपर्यंत जाऊन कुणी बघितलंय का. तो तास तिने वर्गाबाहेर उभं राहून काढला. लग्न होऊन सासरी आल्यावर सासूबाईंनी महिन्याभरात निदान केलं: सून हुशार आहे, पण गॅस बंद केलाय का ते तीनदा बघते. ते शंभर टक्के खरं होतं. पुढे मात्र त्याच सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन तिला आतल्या खोलीत पिटाळायच्या. याला मी बघते, तू तुझे ठिपके बघ, म्हणायच्या. ठिपके म्हणजे तिचं संशोधन. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. रेषांना रंग असे द्यायचे की एका ठिपक्यापाशी एकाच रंगाच्या दोन रेषा येता कामा नयेत, आणि ते कमीत कमी रंगांत जमवायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. या पोरखेळात तिचे केस पांढरे झाले होते.

आज तिच्या आयुष्यातली एक गोष्ट ठरायची होती. आज ती प्राध्यापक होणार होती, किंवा कधीच होणार नव्हती. निवृत्ती जवळ आली होती आणि यानंतर अशी निवड पुन्हा होणार नव्हती. पहिल्यांदा जागा निघाली तेव्हा ती बाळंतपणाच्या रजेवर होती, आणि तिला कुणी कळवलंच नाही. दुसऱ्यांदा समितीने विचारलं, तुमचे शोधनिबंध इतके कमी का? पुरती खात्री झाल्याशिवाय मी पाठवत नाही, असं तिने खरंखरं सांगितलं, आणि खात्री लवकर होणाऱ्या माणसाला जागा मिळाली. तिच्या हाताखाली शिकलेला एक पोरगा आता विभागप्रमुख होऊन तिच्या रजेच्या अर्जावर सही करत होता. पोरगा भला होता, सही करताना खजील व्हायचा. पण सही त्याचीच लागायची, आणि तिला दर वेळी ते लागायचंही.

या वेळी मात्र तिच्याकडे मोठं काम होतं. ठिपक्यांच्या जाळ्यांचा एक भला मोठा वर्ग, ज्याच्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते, तो तिने सोडवला होता. आज निवड समितीसमोर तिने ती सिद्धता फळ्यावर मांडायची, मग समिती आत बसून ठरवणार. सकाळी स्कूटरवरून सोडताना नवऱ्याने गेटपाशी डबा हातात दिला आणि म्हणाला, "आज एक दिवस शंका घरी ठेव."

ती हसली. तोही हसला. पण तो अर्धवटच थट्टा करत होता, हे दोघांनाही कळलं.

महत्त्वाच्या व्याख्यानाआधी रिकाम्या वर्गात जाऊन सगळी सिद्धता फळ्यावर एकदा मोठ्याने बोलून काढायची, ही तिची पद्धत होती. व्हरांड्याच्या टोकाची खोली त्यासाठी तिने धरून ठेवली होती. तिथल्या फळ्याला मधोमध एक गुळगुळीत चट्टा होता, त्यावर खडू घसरायचा. सवयीने ती तेवढी जागा सोडून लिहायची. डस्टरच्या धुरळ्याने खोकला येतो म्हणून ओलं फडकं घरून आणायची. पदर खांद्यावरून घट्ट घेऊन कमरेला खोचून ती समोरच्या मोकळ्या बाकांना समजावून सांगायला लागली. अर्धी सिद्धता सुरळीत झाली. मग सरांचं प्रमेय आलं.

सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. लग्न झालेली मुलगी संशोधनाला घ्यायला त्या काळी कुणी तयार नव्हतं. मध्येच पाळणा हलतो आणि सगळं मुसळ केरात जातं, असं एकाने तर तिला ऐकवलंही होतं. सरांनी घेतलं. तिच्या पोराचं आजारपण, सासऱ्यांचं दुखणं, सगळ्यांतून तिला ओढून पार नेलं. हे ती कधी विसरली नव्हती. सर आता थकले होते, निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण विभागात त्यांचा शब्द अजून चालायचा आणि आजच्या समितीत ते तज्ज्ञ म्हणून बसणार होते. त्यांची कीर्ती ज्यावर उभी होती ते प्रमेय असं होतं: रंग देता देता जाळं एखाद्या ठिपक्यापाशी अडलं, तर तिथून निघणारी दोन रंगांची साखळी धरायची आणि तिच्यातल्या रंगांची अदलाबदल करायची. लाल ते निळं, निळं ते लाल. की अडलेला ठिपका मोकळा होतो. यात दोन शक्यता. एक, साखळी दूर कुठेतरी जाऊन संपते. दुसरी, ती फिरून त्याच ठिपक्याशी येते. सरांनी पहिली बाजू पानभर लिहिली होती. दुसऱ्या बाजूला एकच ओळ होती. दुसरी बाजू तशीच.

गणितवाल्यांत ही ओळ रोजची आहे. तेच तेच दोनदा कोण लिहीत बसणार? वाचणाराही मान डोलावतो आणि पुढे जातो. एकाने आधार घेतला, मग दुसऱ्याने, मग दहा जणांनी, आणि दहा जणांनी आधार घेतलेल्या गोष्टीकडे अकरावा कशाला बघायला जातो? विद्यार्थिनी असताना तिने एकदा भर वर्गात हात वर केला होता. दुसरी बाजू कशी येते, असं विचारलं होतं. सरांनी मागे वळूनही न बघता सांगितलं होतं, "तशीच आहे. बस खाली." ती बसली. घरी जाऊन दोन-चार छोटी जाळी करून बघितली, त्यांत सगळं जमलं. मग पोराला गोवर निघाला आणि ते तिथेच राहिलं. तिच्या साऱ्या शंकांमधली हीच एक तिने आपली आपण मिटवून टाकली होती, आणि आजचं तिचं सगळं काम त्या एका ओळीवर उभं होतं.

रिकाम्या बाकांसमोर ती म्हणाली, "दुसरी बाजू तशीच." आणि सवयीने, अगदी निव्वळ सवयीने, स्वतःलाच म्हणाली, एक शंका आहे.

तिने लाल आणि निळा खडू घेतला. एक जाळं काढलं, जमलं. दुसरं काढलं, जमलं. तिसऱ्यात तिने एक रेष तिरकी घेतली. साखळी ठिपक्यापासून निघाली, वळसा घेऊन परत त्याच ठिपक्याशी आली, आणि येताना मघाशी मोकळी केलेली जागा पुन्हा अडवून बसली. तिने पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा तेच. बोटं लाल-निळी झाली होती, त्याच बोटांनी तिने कपाळ पुसलं.

मग तिने ते जोडून घ्यायचा आटापिटा केला. साखळी दुसरीकडून धरली, तिसरा रंग मध्ये घातला, जाळ्याचे दोन तुकडे करून बघितले. एक भोक बुजवावं तर दुसरीकडे नवं पडत होतं. तिचा निष्कर्ष खोटाच आहे असं काही नव्हतं, कदाचित तो खराही असेल. पण तिच्याकडे त्याची सिद्धता नव्हती. आणि सिद्धता नसेल तर गणितात माणसाच्या हातात काहीच नसतं. विभागप्रमुखाने दारातून डोकावून सांगितलं की समिती आली आहे, सर तुमची चौकशी करत होते. तिने घाईघाईने ओलं फडकं फळ्यावरून फिरवलं. लाल-निळा चिखल झाला.

हे कुणाच्या लक्षात येणार नव्हतं. तिला राग येत होता तो याचाच. समितीत बाहेरून आलेले दोघे वेगळ्या विषयांतले, तिसरे खुद्द सर. जो तो मान डोलावणार होता. आज ती ओळ नुसती म्हणायची, जागा घ्यायची, मग उरलेल्या काळात शांतपणे दुरुस्ती शोधायची आणि सापडली की जोडून टाकायची. अशी माणसं तिने पाहिली होती. त्यांचं काही वाकडं झालं नव्हतं. व्हरांड्यातून चालताना तिने स्वतःला हे इतक्या वेळा सांगितलं की सभागृहाच्या दारापर्यंत तिला ते पटलं होतं.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सर, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून. त्यांच्या शेजारी समितीच्या अध्यक्षा, दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या, हातात पेन. मागच्या रांगेत भिंतीला टेकून मुंगी बसली होती. मुंगी म्हणजे तिची विद्यार्थिनी. अक्षर इतकं बारीक की फळ्यावर मुंग्या चालल्यासारखं दिसायचं, म्हणून हे नाव, आणि पोरीलाही ते आवडायचं. वर्षानुवर्षं तिने मुंगीला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती: न समजता मान डोलवायची नाही, समोर कुणीही असो. मुंगीचा प्रबंध पूर्ण होत आला होता. त्याचं शेवटचं प्रकरण सरांच्या त्याच प्रमेयावर उभं होतं. मुंगीला नोकरीचं पत्रही आलं होतं, पदवी हातात पडली की रुजू व्हायचं.

ती बोलायला लागली. आवाज नेहमीसारखा होता, फक्त ती श्रोत्यांकडे कमी आणि फळ्याकडे जास्त बघत होती. जाळी काढली, व्याख्या मांडल्या, सरांच्या प्रमेयाचा उल्लेख आला तेव्हा अदबीने त्यांच्याकडे हात केला. सरांनी मान किंचित लववली. पहिली बाजू तिने सविस्तर लिहिली, एकही पायरी न गाळता. अध्यक्षा पेन खाली ठेवून ऐकत होत्या. मग तिने खडू उचलला आणि पाठ सगळ्यांकडे असतानाच म्हणाली,

"दुसरी बाजू तशीच."

खडू पुढच्या ओळीवर गेला. झालं. इतकं सोपं होतं ते. तिला हायसं वाटलं आणि स्वतःची शिसारीही आली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम, एक शंका आहे."

दोन-तीन जण हसले. शंकाबाईची शिष्या शोभते, असं कुणीतरी पुटपुटलं. ती वळली. मुंगी उभी होती, दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची कड धरून.

"दुसरी बाजू कशी येते?"

सभागृहात चुळबुळ झाली. सरांनी मागे वळून बघितलं नाही. काठीवरचा हातही हलला नाही.

"तशीच आहे," ते म्हणाले. "बस खाली."

मुंगी बसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती बसली नाही. आणि शंकाबाईला एकदम त्या जुन्या वर्गातली आपली जागा आठवली, बसताना झालेला बाकाचा आवाजसुद्धा आठवला. सरांनी तिची सुटका केली होती. आता तिने काही बोलायचीही गरज नव्हती. नुसती मान हलवायची आणि फळ्याकडे वळायचं. सगळे तिच्याकडे बघत होते. मुंगीही बघत होती, आणि ती सरांकडे नाही, फक्त तिच्याकडे बघत होती. हिला बसवलं तर ही बसेल, हे तिला स्पष्ट दिसलं. आणि मग ही आयुष्यात पुन्हा उठणार नाही, हेही दिसलं.

"तशीच नाही," ती म्हणाली. "दुसरी बाजू येत नाही."

सरांची मान वर झाली. तिने लाल आणि निळा खडू घेतला, सकाळचं तिसरं जाळं काढलं, तिरकी रेष घेतली, आणि एकेक पायरी सांगत साखळी फिरवून त्या ठिपक्याशी आणली. कुठे घाई केली नाही. आयुष्यात तिने इतकं नीट क्वचितच शिकवलं असेल. ठिपका पुन्हा अडला.

अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज मऊ होता. बाईमाणूस म्हणून असेल, किंवा त्यांनाही काही आठवलं असेल.

"हे तुमच्या आत्ता लक्षात आलं?" त्यांनी विचारलं.

तेवढं एक हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. भर व्याख्यानात आपली चूक ओळखून कबूल करणारी बाई, असं नाव झालं असतं, कदाचित जागाही मिळाली असती. अध्यक्षा तेच हो ऐकायला थांबल्या होत्या, हे तिला कळत होतं. सकाळपासून कमावलेला सगळा धीर त्या एका शब्दाशी येऊन थांबला होता. तिने टेबलाला हात टेकला.

"नाही," ती म्हणाली. "सकाळी कळलं."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा घातला आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. सर काठी टेकत उठले. विभागप्रमुख आधार द्यायला धावला, त्याला त्यांनी हातानेच बाजूला केलं. ते फळ्याशी गेले. जाळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. निळा खडू घेऊन एक रेष ओढली, ती मध्येच थांबवली, दुसरीकडून ओढायला गेले आणि हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी खडू खालच्या फळीवर ठेवला, बोटं झटकली आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडले. जाताना त्यांची काठी फरशीवर वाजत होती. तिला त्यांच्यामागे पळत जावंसं वाटलं, पाया पडून माफी मागावीशी वाटली, आणि कशाची मागायची ते कळेना.

जागा कुणाला मिळाली हे सांगण्यात अर्थ नाही. तिला मिळाली नाही. समिती आत जाऊन बसली आणि चहा संपायच्या आत बाहेर आली. लोक तिच्याशेजारून जाताना आवाज खाली आणत होते. शिपायाने तेवढा न मागता एक कप चहा तिच्यासमोर आणून ठेवला. नवऱ्याला तिने फोन केला, शंका घरी राहिली नाही एवढंच सांगितलं. तो म्हणाला की मी घ्यायला येतो, आणि डबा खाल्लास का.

सभागृह रिकामं झालं तरी मुंगी मागच्या रांगेतच होती. शंकाबाईने घरून आणलेलं ओलं फडकं उचललं आणि फळा पुसायला सुरुवात केली. व्याख्या पुसल्या, पहिली बाजू पुसली. लाल-निळ्या जाळ्यापाशी आल्यावर तिचा हात थांबला. मुंगी येऊन शेजारी उभी राहिली. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

तुझं शेवटचं प्रकरण गेलं, ती मुंगीला म्हणाली, हात वर करण्याआधी विचार केला होतास का? मुंगीने मान हलवली. केला होता. नोकरीवाल्यांना थांबायला सांगावं लागेल, तेही तिने सांगून टाकलं. मग हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. प्रकरण साफ करून लिहिताना मुंगीला ते भोक गेल्याच आठवड्यात सापडलं होतं. तिचं जाळंसुद्धा हेच होतं, तिरक्या रेषेसकट. मॅडमचा मोठा दिवस तोंडावर आलाय म्हणून ती मूग गिळून बसली होती.

"मग आज का उठलीस?"

मुंगीने ओढणीने नाक पुसलं.

"मला वाटलं होतं, तुम्ही त्या ओळीला थांबाल," ती म्हणाली. "वाट बघत होते. तुम्ही थांबला नाहीत."

शंकाबाईने फडकं टेबलावर ठेवलं. खडूने रंगलेली आपली बोटं ती बघत राहिली.

"मलाही वाटलं होतं, मी थांबेन," ती म्हणाली. मग तिने निळा खडू मुंगीच्या हातात दिला, लाल स्वतः घेतला, आणि दोघी त्या अडलेल्या ठिपक्यापासून पुन्हा सुरुवात करायला लागल्या.